नेमबाजाच्या डोक्यात काय चालतं? मन घडवणारी पुस्तकं आणि त्यांचा खरा उपयोग

ऑगस्ट २००४, अथेन्स ऑलिंपिक. पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकाराची अंतिम फेरी सुरू होती. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स भक्कम आघाडीवर होता आणि शेवटची एकच गोळी बाकी होती. त्याला दहा गुणांची गरज नव्हती, साधारण गोळीही सुवर्णपदकाला पुरली असती. त्याने नेम धरला, गोळी सुटली, पण स्क्रीनवर गुणच उमटले नाहीत.

पंच आले, तपासणी झाली. एमन्स दोन नंबरच्या जागेवर उभा होता आणि त्याने गोळी मारली होती तीन नंबरच्या लक्ष्यावर. नियमाप्रमाणे त्या गोळीला शून्य गुण मिळाले. पहिल्या क्रमांकावरचा एमन्स थेट आठव्या क्रमांकावर गेला आणि सुवर्ण चीनच्या जिया झानबोला मिळालं.

नंतर एमन्सने सांगितलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. एरवी तो आधी लक्ष्यावरचा नंबर पाहायचा आणि मग खाली लक्ष्यावर यायचा. त्या शेवटच्या गोळीच्या वेळी मात्र तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता आणि नंबर पाहायचा राहून गेला.

हात थरथरले नव्हते, डोळ्यांनी दगा दिला नव्हता आणि रायफलही ठीक होती. रोजच्या क्रमातली एक पायरी तेवढी सुटली होती. नेमबाजांसाठी लिहिलेली मानसिक तयारीची बहुतेक पुस्तकं याच एका गोष्टीभोवती फिरतात. ऐन वेळी डोक्यात काय असावं आणि ते तिथेच राहावं यासाठी आधी काय करावं?

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

या पुस्तकांची गरज का पडते हे समजण्यासाठी आधी खेळाचं माप पाहावं लागेल.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात मधल्या 'दहा'चा व्यास फक्त ०.५ मिलिमीटर असतो. म्हणजे पुस्तकातल्या एखाद्या टिंबाएवढा. त्यावर मारायचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. ५० मीटर रायफलमध्ये 'दहा'चा व्यास १०.४ मिलिमीटर, तर १० मीटर एअर पिस्तुलात ११.५ मिलिमीटर असतो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य गुण दशांशात मोजतं, त्यामुळे एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळू शकतात. पदक मिळालं की हुकलं हे कित्येकदा ०.१ गुणाने ठरतं.

एअर रायफलच्या पात्रता फेरीत अशा ६० गोळ्या माराव्या लागतात. ५९ गोळ्या उत्तम गेल्या आणि एक भरकटली तरी अंतिम फेरी हुकू शकते. इतर अनेक खेळांत धावपळीत भीती जिरून जाते. इथे खेळाडूला जागचं हलायचं नसतं, उलट शरीर जितकं स्थिर तितकं चांगलं. त्यामुळे काळजाचा प्रत्येक ठोका, श्वास आणि मनात आलेला नको तो विचार थेट नळीच्या टोकापर्यंत पोहोचतो.

हृदयाची धडधड आणि हातांचा कंप कमी करणारी 'बीटा ब्लॉकर' औषधं नेमबाजीत म्हणूनच प्रतिबंधित आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल हे असंच औषध सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं काढून घेण्यात आली. जे काम औषधाने करायला बंदी आहे, ते सरावाने कसं साधायचं हे ही पुस्तकं सांगतात.

लॅनी बॅशम: रौप्यपदकातून आलेलं पुस्तक

या विषयावर जगभरातल्या नेमबाजांच्या हातात सर्वाधिक दिसणाऱ्या पुस्तकांपैकी एक म्हणजे लॅनी बॅशम यांचं 'विथ विनिंग इन माइंड'. ते १९८८ मध्ये पहिल्यांदा आलं.

बॅशम अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकातले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते सुवर्णाचे दावेदार होते, पण दडपण आलं आणि रौप्यावर समाधान मानावं लागलं. बॅशम ते रौप्य स्वतःच्या मनाचं अपयश मानतात. मायदेशी परतल्यावर त्यांनी मदत शोधली, तर त्या काळचे मानसतज्ज्ञ मुख्यतः आजारावर उपचार करणारे निघाले. जिंकायचं कसं हे सांगणारं कुणी भेटेना. मग त्यांनी दुसरी वाट धरली. ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूंना गाठायचं आणि त्यांच्या डोक्यात काय चालतं ते विचारायचं.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांना सुवर्ण मिळालं. त्या स्पर्धेची दुसरी आठवण अधिक मोठी आहे. बॅशम आणि त्यांची सहकारी मार्गारेट मर्डॉक यांचे गुण समान, ११६२ झाले होते. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशमना गेलं. पदक समारंभात त्यांनी मर्डॉकला हात देऊन पहिल्या क्रमांकाच्या चौथऱ्यावर आपल्या शेजारी उभं केलं. नेमबाजीत ऑलिंपिक पदक जिंकणारी मर्डॉक ही पहिली महिला.

बॅशम यांच्या पुस्तकाचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो.

पहिली, जागृत मन. म्हणजे या क्षणी तुम्ही ज्याचा विचार करताय ते. बॅशम म्हणतात, हे मन एका वेळी एकाच गोष्टीवर एकाग्र होऊ शकतं. ते कामाच्या गोष्टीत गुंतवलं तर भीतीला शिरायला जागा उरत नाही.

दुसरी, सुप्त मन. हजारो वेळा केलेल्या सरावातून तयार झालेलं कौशल्य इथे राहतं. चांगली गोळी शेवटी हेच मन मारतं.

तिसरी, स्वतःबद्दलची प्रतिमा. 'मी कसा खेळाडू आहे' याचं मनातलं चित्र. आपण ५८०च्या आसपासचेच नेमबाज, असं मनात पक्कं बसलेल्या खेळाडूचे गुण एखाद्या दिवशी फार चांगले येऊ लागले, की तोच अस्वस्थ होतो आणि नकळत आपल्या ओळखीच्या आकड्यावर परत येतो. प्रशिक्षकांना हा अनुभव नवा नाही.

या तिन्हींचा तोल साधला की कामगिरी आपोआप होते, असं बॅशम यांचं म्हणणं. त्यासाठी पुस्तकात साधे उपाय आहेत. प्रत्येक गोळीआधी विचारांचा ठरलेला क्रम. सरावाची वही, ज्यात काय बरोबर झालं याची नोंद आधी. आणि आपलं ध्येय 'मी आहे', 'मी करतो' अशा वर्तमानकाळातल्या वाक्यांत लिहून रोज वाचणं. वाईट गोळीवर चर्चा करत बसू नये, कारण ज्याचा विचार आणि बोलणं जास्त, ते घडण्याची शक्यताही जास्त, असा त्यांचा आग्रह आहे.

वाचताना एक भान ठेवायला हवं. बॅशम यांची मांडणी खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या अनुभवातून आली आहे. 'जागृत' आणि 'सुप्त' मनाची त्यांची विभागणी प्रयोगशाळेत तोलून मापून काढलेली नाही. कामाची चौकट म्हणून ती उपयोगी पडते, शास्त्रीय सत्य म्हणून घेऊ नये.

टेनिसवरचं पुस्तक नेमबाज का वाचतात?

टिमथी गॅलवे यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' १९७४ चं. त्यात बंदुकीचा काही संबंध नाही. तरीही नेमबाजांच्या कपाटात ते हमखास सापडतं.

गॅलवे म्हणतात, प्रत्येक खेळाडूच्या आत दोघं असतात. एक सतत सूचना देणारा, टोमणे मारणारा: 'कोपर वर घे', 'परत चुकलास', 'आता तरी नीट मार'. दुसरा मुकाट्याने काम करणारा. पहिला गप्प बसला की दुसरा उत्तम काम करतो. पहिल्याला 'गप्प बस' म्हणून भागत नाही, त्याच्या हाती दुसरं काहीतरी द्यावं लागतं. टेनिसमध्ये गॅलवे चेंडूची शिवण पाहायला सांगतात. नेमबाज त्या जागी साइटचं चित्र किंवा श्वास ठेवतात.

ब्रायन एनॉस यांचं १९९० चं 'प्रॅक्टिकल शूटिंग: बियाँड फंडामेंटल्स' याच वाटेने जातं. ते वेगवान, हालचालीच्या पिस्तूल स्पर्धांसाठी लिहिलेलं आहे. कुठे काय पाहायचं, लक्ष कुठे ठेवायचं आणि हात काम करत असताना आपण नुसते साक्षी कसे राहायचं, यावर त्यात भर आहे. ऑलिंपिक प्रकारातल्या नेमबाजालाही त्यातला लक्षाविषयीचा भाग उपयोगी पडतो.

अर्जुन, पोपटाचा डोळा आणि पिस्तुलाची साइट

एकाग्रता म्हटलं की मराठी घरात एकच गोष्ट सांगितली जाते. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतंय? अर्जुन म्हणाला, फक्त पोपटाचा डोळा.

गंमत म्हणजे पिस्तूल नेमबाजाला नेमकं उलट शिकवलं जातं. त्याची नजर पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर असते. साइट धारदार दिसली पाहिजे आणि समोरचं लक्ष्य धूसर राहिलं तरी चालतं. डोळा एका वेळी जवळचं आणि दूरचं दोन्ही स्पष्ट पाहू शकत नाही. लक्ष्य नीट दिसावं म्हणून नजर पुढे गेली, तर साइटमधली छोटी चूक कळत नाही आणि दहा मीटरवर तीच मोठी होते.

या पुस्तकांतला सगळ्यात कामाचा धडा इथेच डोळ्यांना दिसतो. पदक म्हणजे लक्ष्य. ते समोर आहे, पण ते धूसर ठेवायचं आणि नजर हातातल्या कामावर ठेवायची.

मनू भाकरने पॅरिसमध्ये जुलै २०२४ ला कांस्य जिंकल्यावर आपण भगवद्गीता वाचल्याचा उल्लेख केला होता. फळापेक्षा कर्माकडे लक्ष द्यावं ही शिकवण ऐन वेळी मनात होती, असं तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी टोकियोत पात्रता फेरीतच तिच्या पिस्तुलात बिघाड झाला होता आणि तिची अंतिम फेरी हुकली होती. क्रीडा मानसशास्त्रात 'निकालाचं ध्येय' आणि 'प्रक्रियेचं ध्येय' असा जो भेद करतात, तो भारतीय वाचकाला असा परका नाही.

झेन आणि धनुर्विद्या: सुंदर पुस्तक, पण जपून

ऑयगेन हेरिगेल हे जर्मन तत्त्वज्ञ १९२० च्या दशकात जपानमध्ये शिकवत होते. तिथे त्यांनी आवा केन्झो या गुरूंकडे धनुर्विद्येचे धडे घेतले. त्यावरचं 'झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी' हे छोटं पुस्तक १९४८ मध्ये जर्मनमध्ये आलं आणि जगभर गाजलं. बाण सोडायचा नसतो, तो आपोआप सुटला पाहिजे, ही त्यातली कल्पना नेमबाजांना फार आवडते. ट्रिगर ओढल्याचं कळूच नये, इतका तो हळुवार दाबावा, हे प्रशिक्षकांचं जुनं सांगणं त्याच्याशी जुळतं.

मात्र यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने पुढे दाखवून दिलं की आवा यांचा झेनशी तसा संबंध नव्हता आणि दुभाष्यामार्फत झालेल्या संवादात हेरिगेल यांच्या पुष्कळ गैरसमजुती झाल्या. म्हणून हे पुस्तक प्रेरणेसाठी वाचावं. जपानी परंपरेचा पुरावा किंवा प्रशिक्षणाचा आराखडा म्हणून नको.

अभिनव बिंद्रा: खेळाडूची आतली नोंद

भारतीय वाचकासाठी या यादीतलं सगळ्यात जवळचं पुस्तक म्हणजे 'अ शॉट अॅट हिस्ट्री'. अभिनव बिंद्रा आणि क्रीडा पत्रकार रोहित ब्रिजनाथ यांनी लिहिलेलं हे आत्मकथन २०११ मध्ये आलं.

त्यात सोप्या युक्त्या नाहीत, वेड आहे. २००४ मध्ये अथेन्सला बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. नंतर त्याला कळलं, की त्याच्या पायाखालची फरशी पोकळ होती. त्या एका फरशीने त्याला पछाडलं. पुढच्या चार वर्षांत त्याने शक्य त्या प्रत्येक अडचणीची आधीच तालीम केली. मोठ्या हॉलची सवय व्हावी म्हणून लग्नाचा हॉल घेऊन तिथे सराव केला. भीतीशी ओळख व्हावी म्हणून जर्मनीत उंच खांबावर चढण्याचा प्रकारही केला.

११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावाच्या गोळ्या भलतीकडेच जाऊ लागल्या. साइट बिघडली होती. हाती काही मिनिटंच होती. त्याने साइट पुन्हा जुळवली आणि फेरीला उभा राहिला. शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारला, हॅकिनेनला ९.७ मिळाले. एकूण ७००.५ गुणांसह भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण बिंद्राच्या नावावर लागलं.

या पुस्तकाचा उपयोग तरुण नेमबाजांपेक्षा पालकांना अधिक होऊ शकतो. मुलाच्या डोक्यावर किती ओझं असतं ते त्यातून कळतं. सुवर्णानंतर आलेल्या रितेपणाबद्दल आणि नैराश्याबद्दल बिंद्रा जाहीरपणे बोलला आहे. आयुष्यभराचं ध्येय गाठल्यावर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न जिंकणाऱ्यालाही पडतो.

बिंद्राचे प्रशिक्षक हाइन्झ राइन्केमायर आणि गॅबी बुलमन हे 'वेज ऑफ द रायफल' या पुस्तकाच्या लेखकांपैकी आहेत. रायफल नेमबाजीतलं शरीराची ठेवण, तोल आणि तंत्र यांचं ते सविस्तर पुस्तक आहे. मनाच्या पुस्तकांआधी किंवा निदान सोबत असं तंत्राचं पुस्तक हवं. उभं राहण्याची पद्धतच चुकीची असेल तर कितीही सकारात्मक विचार केले तरी गोळी दहात जात नाही.

संशोधक काय सांगतात?

खेळाडूंनी अनुभवातून सांगितलेल्या काही गोष्टी संशोधनात टिकल्या, काहींना मुरड घालावी लागली.

*'चुकू नको' का म्हणू नये?* औषध पिताना माकड आठवायचं नाही, असं सांगितलं की नेमकं माकडच आठवतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाबाबत हेच दाखवलं. विचार दाबायला गेलं की तो उसळून वर येतो. म्हणून 'ट्रिगर झटकू नको' यापेक्षा 'ट्रिगर सावकाश दाब' ही सूचना चांगली.

*दडपणाखाली जमलेलं काम का बिघडतं?* सायन बायलॉक यांचं 'चोक' हे २०१० चं पुस्तक याच प्रश्नावर आहे. सरावाने आपोआप होणारी हालचाल आपण दडपणाखाली पायरी-पायरीने तपासू लागतो आणि ती अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार केला तर जे होईल, तेच इथे होतं.

*लक्ष कुठे असावं?* गॅब्रिएल वुल्फ यांच्या अनेक अभ्यासांचा सूर असा, की लक्ष स्वतःच्या स्नायूंपेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर काम सहसा सफाईदार होतं. नेमबाजाच्या भाषेत, 'माझं बोट, माझा खांदा' यापेक्षा 'साइटचं चित्र'.

*नजर किती वेळ स्थिर हवी?* कॅनडाच्या जोन विकर्स यांनी 'क्वाएट आय' म्हणजे शांत नजर ही कल्पना मांडली. कृतीआधीची शेवटची स्थिर नजर निष्णात खेळाडूंमध्ये जास्त काळ टिकते. हवेत उडणाऱ्या लक्ष्यांवर शॉटगन चालवणाऱ्या नेमबाजांमध्येही हा फरक दिसला आहे. विकर्स यांचं या विषयावरचं पुस्तक २००७ चं आहे.

*मनातल्या मनात सराव चालतो का?* १९८३ मध्ये फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मनातला सराव काहीच न करण्यापेक्षा चांगला, पण प्रत्यक्ष सरावाची जागा घेईल इतका नाही, असा त्याचा अर्थ निघाला. रेंजवर रोज जाता येत नसेल त्याने घरी डोळे मिटून पूर्ण गोळीची उजळणी करावी, पण तेवढ्यावर थांबू नये.

*दहा हजार तासांचं काय?* हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या 'आउटलायर्स'मुळे घराघरांत गेला. ज्यांच्या संशोधनातून तो घेतला, त्या अँडर्स एरिक्सन यांनीच २०१६ च्या 'पीक' या पुस्तकात त्यावर हरकत घेतली. त्यांचा अभ्यास व्हायोलिनवादकांचा होता आणि तो आकडा फक्त सरासरी होती. एरिक्सन यांचा मुद्दा तासांचा नव्हता, सरावाच्या दर्जाचा होता. आजच्या सरावात नेमकी कोणती एक गोष्ट सुधारायची आहे, ती सुधारली का हे लगेच कसं कळेल आणि ती आत्ताच्या क्षमतेच्या थोडी पलीकडे आहे का? हे तीन प्रश्न नसतील, तर १०० गोळ्या म्हणजे निव्वळ १०० छर्रे खर्च.

पुस्तकातलं रेंजवर कसं आणायचं?

वाचून होणारा बदल आठवडाभर टिकतो. वहीत आणि सरावात उतरला तरच तो पुढे राहतो. जवळपास सगळ्या पुस्तकांत समान असलेल्या गोष्टी अशा:

१. गोळीआधीचा ठरलेला क्रम लिहून काढा. पायांची जागा, श्वास, रायफल वर, लक्ष्य क्रमांक, नेम, ट्रिगर, गोळीनंतर क्षणभर स्थिर. क्रम सरावात आणि स्पर्धेत एकच हवा. एमन्सच्या बाबतीत सुटली ती यातलीच एक पायरी.

२. क्रम मोडला तर गोळी मारू नका. रायफल खाली घ्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा. न मारलेली गोळी हेही कौशल्य आहे. सरावात ते केलं नसेल तर स्पर्धेत धीर होत नाही.

३. ड्राय प्रॅक्टिस करा. म्हणजे छर्रा न भरता पूर्ण क्रम करणं. यात खर्च नाही आणि गुण दिसत नसल्याने लक्ष आपोआप प्रक्रियेवर राहतं. अर्थात आधी शस्त्र रिकामं असल्याची खात्री, तीही दोनदा, आणि नळी कायम सुरक्षित दिशेला.

४. वही ठेवा. तारीख, आजचं एक ध्येय, काय जमलं, पुढच्या वेळी काय करायचं. 'काय चुकलं' याची जंत्री नको.

५. दडपण आधीच आणा. मित्रांसमोर, गोंगाटात, एकाच गोळीवर पैज लावून सराव करा. बिंद्राने लग्नाच्या हॉलमध्ये केलं ते याचंच मोठं रूप.

६. स्पर्धेच्या आठवड्यात नवं पुस्तक उघडू नका. नवी कल्पना मुरायला वेळ लागतो. ऐन वेळी ती डोक्यात आणखी एक सूचना देणारा माणूस तयार करते.

कोणी काय वाचावं?

- नुकतीच सुरुवात केलेल्यांनी आधी तंत्राचं पुस्तक आणि प्रशिक्षक. मनाचं पुस्तक हवंच असेल तर बॅशम.
- सरावात गुण येतात, स्पर्धेत येत नाहीत, अशांनी बॅशम आणि बायलॉक.
- स्वतःला सतत सूचना देणाऱ्यांनी, प्रत्येक गोळीवर चिडणाऱ्यांनी गॅलवे.
- बराच काळ एकाच गुणांवर अडकलेल्यांनी एरिक्सन.
- पालकांनी आणि प्रशिक्षकांनी बिंद्रा.

पुस्तक कुठे थांबतं?

महाराष्ट्राला नेमबाजीची मोठी परंपरा आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे ऑलिंपिकपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये जगज्जेता झाला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. एमन्सची गोळी हुकली, तोच हा प्रकार. रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील मैदानावर शांत राहणाऱ्या महेंद्रसिंग धोनीला आदर्श मानतो. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्समध्ये खेळल्या होत्या. ऐन वेळच्या दडपणाचं ज्ञान असं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडेही जातं, आणि ते कुठल्याच पुस्तकात पूर्ण मावत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. स्पर्धेआधी पोटात गोळा येणं नेहमीचं आहे आणि त्यावर ही पुस्तकं उपयोगी पडतात. पण झोप उडाली, खाणं सुटलं, खेळाची गोडीच गेली, सतत उदास वाटू लागलं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर 'मन कणखर कर' असं सांगणारं पुस्तक हातात देऊ नये. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशकच हवा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. रायफल बिघडली की खेळाडू ती दुरुस्त करणाऱ्याकडे नेतो, तेव्हा त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

एमन्सची गोष्टही अथेन्सला संपली नाही. २००८ मध्ये बीजिंगला तो पुन्हा आघाडीवर होता आणि शेवटच्या गोळीला ६.७ गुण पुरेसे होते. नेम स्थिर होण्याआधीच बोट ट्रिगरला लागलं आणि ४.४ गुण पडले. त्याला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. सगळी पुस्तकं वाचलेल्या, ऑलिंपिक सुवर्णविजेत्या खेळाडूच्या बाबतीतही हे दोनदा घडू शकतं. २०१२ मध्ये लंडनला तो त्याच प्रकारात तिसऱ्यांदा उभा राहिला. या वेळी गळ्यात कांस्यपदक पडलं.